प्रार्थनाही आणि थेरपीही : अमेरिकेतल्या ब्लॅक चर्चमध्ये मानसिक आरोग्याचं काम कसं उभं करावं

१९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, सेंट फिलिप्स एपिस्कोपल चर्चच्या आवारातल्या एका तळघरात मानसोपचाराचा दवाखाना सुरू झाला. नाव लाफार्ग क्लिनिक. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो उघडा असे. फी २५ सेंट, आणि तेवढेही नसतील तर फुकट. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि त्यांचे सहकारी तिथे बिनपगारी काम करत. हार्लेमच्या कृष्णवर्णीय माणसाला मानसोपचार मिळणं जवळपास अशक्य होतं, अशा काळात रेव्हरंड शेल्टन हेल बिशप यांनी चर्चची जागा दिली. पुढे वर्थम यांनी डेलावेअर राज्यातल्या मुलांना तपासलं आणि वर्णभेदी शाळांमुळे मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याची कोर्टात साक्ष दिली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ सालच्या ‘ब्राउन’ निकालात जे खटले एकत्र केले होते, त्यातला एक हा डेलावेअरचा.

म्हणजे चर्चने जागा आणि विश्वास द्यायचा, डॉक्टरांनी कौशल्य द्यायचं, ही पद्धत ब्लॅक चर्चला, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चना, नवी नाही. तरीही आज असं काम नव्याने सुरू करताना बहुतेक ठिकाणी एकाच जागी घोडं अडतं. चर्चमध्ये व्याख्यान होतं, पत्रकं वाटली जातात, हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लागतो आणि कुणीच फोन करत नाही. कारण बाकावर बसलेला माणूस आणि थेरपिस्टची खोली यांच्यातलं अंतर नंबर दिल्याने कापलं जात नाही. ओळखीच्या, भरवशाच्या माणसाने सोबत चालत जाऊन ते कापावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

हा लेख मराठीत लिहिण्याचं कारणही आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांत, सामाजिक संस्थांत आणि विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांत मराठी डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्याचे विद्यार्थी काम करतात. त्यांच्यासमोर कृष्णवर्णीय समाजातली माणसं येतात, आणि त्या माणसांच्या आयुष्यात चर्चचं स्थान काय आहे हे त्यांना शिकवलेलं नसतं.

आधी अविश्वास समजून घ्या

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट जाईल. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा वैद्यकावरचा अविश्वास अडाणीपणातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला चक्क मानसिक आजार ठरवलं आणि त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असं नाव दिलं. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा ‘अभ्यास’ केला. त्यातल्या ३९९ जणांना हा आजार होता. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही. या अभ्यासासाठी लोकांना गोळा करताना गावातल्या शाळा आणि चर्च यांचाच उपयोग झाला, हे चर्चमध्ये काम करू पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली.

मानसोपचारातही तक्रारी खऱ्या आहेत. सारखीच लक्षणं असताना कृष्णवर्णीय रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का जास्त वेळा बसतो आणि नैराश्य नजरेतून सुटतं, असं संशोधनात पुनःपुन्हा दिसलं आहे. २००१ साली देशाचे सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर) डेव्हिड सॅचर यांच्या अहवालानेही वंश आणि मानसोपचार यांच्यातली ही दरी मांडली होती.

दुसऱ्या बाजूला चर्च. १७८७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. विधवा, आजारी, निराधार यांना मदत करणारी ही कृष्णवर्णीयांची स्वतःची संस्था होती. १७९३ साली शहरात पीतज्वराची साथ आली तेव्हा तिच्या लोकांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरलं. याच मंडळींमधून पुढे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या शाळा, पतपेढी, सभागृह, आंदोलनाचं कार्यालय, सगळं काही चर्चच होतं. प्यू या जनमत-संशोधन संस्थेच्या २०२१ सालच्या अहवालानुसार, प्रार्थनेला जाणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी ६० टक्के लोक अजूनही कृष्णवर्णीयबहुल मंडळींमध्ये (एका चर्चमध्ये जमणाऱ्या उपासकांच्या समूहांमध्ये) जातात. दुखलं-खुपलं की माणूस आधी पास्टरकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूकडे, जातो तो यामुळे.

पण याच चर्चमध्ये ‘घरातलं घरात ठेवावं’ ही शिकवणही आहे. ‘देवाचा एवढा आशीर्वाद असताना ताण कसला?’ हे वाक्य हसतहसत म्हटलं जातं, आणि ज्याला खरोखर झोप लागत नाही तो गप्प होतो. बाईने खंबीरच असलं पाहिजे, ही अपेक्षा तर पिढीजात. घर चालवणारी, दोन नोकऱ्या करणारी, चर्चचा स्वयंपाकही सांभाळणारी बाई ‘मला आता होत नाही’ असं कुणाला सांगणार? या गोष्टींवर बाहेरून टीका करत आत शिरू नका. गुलामी आणि वर्णभेदाच्या काळात गप्प राहणं, खंबीर दिसणं याने माणसं जिवंत राहिली आहेत.

पायरी १ : पास्टरशी बोलणं, आणि पुल्पिटवरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) काय बोलायचं

पास्टरच्या पाठिंब्याशिवाय काहीही उभं राहत नाही. पहिल्या भेटीत सादरीकरण घेऊन जाऊ नका. त्यांना विचारा : गेल्या वर्षभरात तुमच्याकडे काय काय आलं? ऐकत राहा. घटस्फोट, दारू, तुरुंगातून सुटून आलेला मुलगा, गोळीबारात गेलेल्या पोराचा अंत्यविधी, रात्री दोन वाजता ‘मला जगायचं नाही’ म्हणणारा फोन. हे सगळं ते आधीपासून सांभाळत असतात, आणि बहुतेकदा एकटेच. तुम्ही त्यांच्या खांद्यावरचं ओझं वाटून घ्यायला आला आहात हे त्यांना पटलं, तर दार उघडेल.

मग रविवारच्या उपदेशाचा प्रश्न. बायबलमध्ये यासाठी सामग्री भरपूर आहे, आणि ती उपदेशकाने स्वतःच उलगडावी, थेरपिस्टने नव्हे. माझ्या मते सगळ्यात उपयोगी कथा एलीयाची, राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या १९व्या अध्यायातली. कर्मेल डोंगरावर नुकताच मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत येतो. तो एलीयाला श्रद्धा कमी पडली म्हणून बोल लावत नाही, उपदेशही करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन उठवतो : ऊठ, खा, तुला वाट फार लांबची आहे. मरण मागणाऱ्या माणसाला आधी झोप, अन्न आणि सोबत मिळते, देवाशी संभाषण त्यानंतर होतं. ज्या मंडळीने हा उपदेश ऐकला आहे तिच्यासमोर सोमवारी नैराश्याचा विषय काढणं कितीतरी सोपं जातं. ८८वं स्तोत्रही वाचावं. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. लूक वैद्य होता हे पौलाच्या पत्रात आलेलं आहेच. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे सांगायला तेवढा एक उल्लेख पुरतो.

एक वाक्य मात्र पुल्पिटवरून स्पष्ट शब्दांत आलंच पाहिजे : ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू, आणि तुम्ही डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेत राहा.’ काही चर्चमध्ये, विशेषतः पेंटेकॉस्टल परंपरेत, दुष्टात्म्यापासून सुटकेची प्रार्थना केली जाते. तिच्यावर वाद घालत बसू नका, त्यातून काहीच निघत नाही. प्रार्थना करणाऱ्यांकडून एवढंच कबूल करून घ्या की ते कुणालाही औषध बंद करायला सांगणार नाहीत, आणि एखाद्याला भास होत असतील किंवा तो अनेक रात्री झोपला नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेतील.

पास्टर स्वतः कधी थेरपी घेत असतील आणि ते मंडळीसमोर सांगायला तयार असतील, तर दहा व्याख्यानांचं काम त्या दोन मिनिटांत होतं. सक्ती मात्र करू नये.

पायरी २ : गट बांधा

माणसं बाकांवरच बसलेली असतात. निवृत्त परिचारिका, शाळेतल्या समुपदेशक, समाजसेविका, सैन्यातून परतलेले, स्वतः आजारातून गेलेले किंवा घरी असा रुग्ण सांभाळलेले. पाच-सात जणांचा गट पुरे. त्यात ‘मदर्स बोर्ड’वरची, म्हणजे चर्चमधल्या मानाच्या वडीलधाऱ्या बायकांच्या मंडळावरची, एखादी ज्येष्ठ बाई हवीच. तिने मान डोलावली की अर्धं चर्च ऐकतं. उपासनेत कुणाला बरं वाटेनासं झालं तर मदतीला पांढऱ्या गणवेशात उभ्या राहणाऱ्या नर्सेस गिल्डच्या बायका आणि दारात स्वागत करून लोकांना बसवणारे अशर यांनाही सामील करा. कोण तीन रविवार आलं नाही, कोण हल्ली मागच्या बाकावर बसून लवकर निघून जातं, हे पास्टरच्या आधी अशरला कळतं.

नाव काय द्यायचं याचा थोडा विचार करावा. ‘मानसिक आरोग्य’ या शब्दाने काही ठिकाणी लोक दचकतात, तिथे ‘वेलनेस मिनिस्ट्री’ (मिनिस्ट्री म्हणजे चर्चचं सेवाकार्य) चालून जातं. सेंट लुईस शहरात ‘ब्रिजेस टू केअर अँड रिकव्हरी’ या उपक्रमाने चर्चमधल्या सदस्यांनाच प्रशिक्षण दिलं आणि त्यांना ‘वेलनेस चॅम्पियन’ म्हटलं.

प्रशिक्षणासाठी ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’ हा अभ्यासक्रम चांगला. ऑस्ट्रेलियात २००० साली बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी तो सुरू केला आणि २००८ साली तो अमेरिकेत आला. साधारण एका दिवसात होतो. लक्षणं ओळखणं, न घाबरता विचारणं, ऐकून घेणं आणि मदतीपर्यंत पोचवणं, एवढंच तो शिकवतो. त्याने कुणी थेरपिस्ट होत नाही, हे गटातल्या उत्साही मंडळींना पहिल्या दिवशीच सांगून टाकावं.

पायरी ३ : गुप्ततेचा नियम, कार्यक्रमाच्या आधी

चर्चमधली गुप्तता फुटते ती बहुधा प्रेमापोटी. बुधवारच्या बायबल स्टडीत कुणीतरी उठतं आणि कळवळून सांगतं, ‘आपल्या सिस्टरच्या मुलाला काल रात्री मनोरुग्णालयात नेलं, त्याच्यासाठी प्रार्थना करू या.’ सगळे डोळे मिटतात. त्या बाईला पुढच्या रविवारी चाळीस जण ‘मुलगा कसा आहे?’ विचारतात, आणि मुलगा पुन्हा कधी त्या चर्चमध्ये पाय ठेवत नाही. ही एक गोष्ट थांबवली तरी खूप झालं. नियम असा करा : परवानगीशिवाय प्रार्थना यादीत, फोनवरच्या प्रेअर लाइनवर किंवा मंचावर कुणाचं नाव नाही. ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करू’ एवढं पुरतं, देवाला नाव माहीत असतं.

रुग्णालयांना लागू असलेला माहितीच्या गोपनीयतेचा केंद्रीय कायदा चर्चच्या स्वयंसेवकांना सहसा लागू होत नाही, म्हणून चर्चने स्वतःच लेखी नियम करायला हवा आणि गटातल्या प्रत्येकाची त्यावर सही हवी. गुप्तता कुठे संपते हेही त्यात लिहा : जिवाला धोका असेल तिथे, आणि मुलांवर अत्याचार होत असतील तिथे. अत्याचार कळल्यावर धर्मगुरूने सरकारला कळवायचं की नाही, याबाबत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. तो स्थानिक वकिलाकडून समजून घ्या.

पायरी ४ : थेरपिस्टांची यादी

इंटरनेटवरून उतरवलेली यादी नको, तपासलेली यादी हवी. आठ-दहा नावं पुरतात. कृष्णवर्णीय थेरपिस्ट मिळाले तर उत्तम, पण ते थोडे आहेत : २०१५ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांपैकी जेमतेम ४ टक्के कृष्णवर्णीय होते. जॉय हार्डन ब्रॅडफोर्ड यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ची थेरपिस्ट-सूची इथे उपयोगी पडते.

प्रत्येकाला फोन करून विचारा. नवे रुग्ण घेता का, आणि किती दिवसांत? मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) चालतं का? विमा नसेल तर उत्पन्नाप्रमाणे फी कमी होते का? संध्याकाळी किंवा शनिवारी वेळ आहे का? मग खरा प्रश्न : ‘एखादा रुग्ण म्हणाला की देवाने मला सांगितलं, तर तुम्ही पुढे काय विचाराल?’ जो थेरपिस्ट यावर लगेच आजाराचं नाव घेतो, त्याला यादीत घेऊ नका. ज्याला या परंपरेत देवाशी बोलणं म्हणजे काय हे माहीत आहे, किंवा माहीत नसलं तरी नीट विचारून घ्यायची तयारी आहे, तो चालेल. ‘ख्रिश्चन काउन्सेलर’ अशी पाटी असली तरी राज्याचा परवाना आहे ना, हे परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. पाटी कुणीही लावू शकतं.

यादीतल्या थेरपिस्टांना रविवारी उपासनेनंतर खालच्या फेलोशिप हॉलमधल्या जेवणाला बोलवा. भाषण नको. त्यांनी ताटात तळलेलं चिकन आणि कोलार्डची भाजी घेऊन लोकांमध्ये बसावं. चेहरा ओळखीचा झाला की अर्धी भीती जाते. मराठी थेरपिस्ट असाल तर तुम्हीही जा. ‘मी बाहेरचा आहे, तुमच्या चर्चबद्दल मला सांगा’ असं सरळ म्हटलं तर लोक मोकळेपणाने सांगतात. भारतीय असल्यामुळे आपल्याला सगळं आपोआप समजेल, असं मात्र धरून चालू नका.

पायरी ५ : चाचणी, पण वाट तयार असेल तरच

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची सोपी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, रस, एकाग्रता कशी होती असे प्रश्न, आणि शून्य ते २७ असे गुण. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे जायला सुचवायचं. सिडनी हँकर्सन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या तीन चर्चमध्ये १२२ जणांची अशी चाचणी घेतली, तेव्हा जवळपास २० टक्के लोकांचे गुण या रेषेच्या वर होते. म्हणजे दहा जणांच्या बाकावर दोघे.

रक्तदाब आणि साखर तपासायचा आरोग्य मेळावा बहुतेक चर्चमध्ये होतोच, त्यातच हे जोडा. रक्तदाबाच्या टेबलाशेजारी मात्र नको. वेगळी खोली, बंद दार, समोरासमोर दोन खुर्च्या. कागद हातात देऊन निघून जाण्यापेक्षा परिचारिकेने प्रश्न वाचून विचारावेत, कारण खरं उत्तर बरेचदा कागदाबाहेर असतं. समजा, सत्तरीच्या बाईंना विचारलं :

‘मदर, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागते?’

‘पहाटे तीनला जाग येते गं बाळ. देव उठवतो मला प्रार्थनेला.’

‘आणि प्रार्थना झाली की परत झोप लागते?’

‘नाही. मग उजाडेपर्यंत पडून राहते. यांना जाऊन वर्ष झालं ना.’

पहिल्या उत्तरावर थांबली असती तर परिचारिकेने शून्य लिहिलं असतं. श्रद्धेची भाषा आणि लक्षण एकाच वाक्यात येतात. प्रार्थनेबद्दल आदर ठेवून तिच्या पुढचा प्रश्न विचारायचा असतो.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्यात शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही असोत, ती व्यक्ती त्या दिवशी एकटी घरी जाणार नाही. परवाना असलेला तज्ज्ञ त्या वेळी इमारतीत हजर हवा. तो मिळत नसेल तर चाचणीच घेऊ नका. दुखणं उघडं करायचं आणि मदतीशिवाय घरी पाठवायचं, हा अन्याय आहे.

पायरी ६ : हात धरून पोचवणं

सगळं काम इथे येऊन ठरतं. समजा, पन्नाशीतला एक बस ड्रायव्हर आहे. भाऊ गेल्यापासून चिडचिड वाढली आहे, दारू वाढली आहे. डीकनशी (पास्टरला मदत करणाऱ्या चर्चच्या सेवकाशी) बोलताना तो म्हणतो, ‘बघू, जाईन कधीतरी.’ इथे ‘हा नंबर घे’ म्हणून थांबायचं नाही. ‘आत्ता दोघं मिळून फोन करू या का?’ असं विचारायचं. तो हो म्हणाला तर स्पीकर लावून तिथेच फोन. विम्याचं कार्ड काढून ठेवायचं, पहिली उपलब्ध वेळ घ्यायची, डीकनने ती आपल्या वहीत लिहायची. आदल्या दिवशी आठवण करायची. त्याची इच्छा असेल तर गाडीने सोडायचं आणि बाहेर थांबायचं, आत जायचं नाही.

परत येताना ‘आत काय बोललात?’ हा प्रश्न विचारायचा नसतो. ‘माणूस बरा वाटला का?’ एवढंच विचारा. नाही वाटला, तर यादीतलं दुसरं नाव. पहिला थेरपिस्ट जमला नाही म्हणून लोक थेरपीच सोडतात, आणि ती वेळ सांभाळायला कुणी नसतं. पहिल्या भेटीनंतर पुन्हा न जाणारेही पुष्कळ, म्हणून दुसऱ्या भेटीचा पाठपुरावा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. तीन-चार भेटी झाल्या की डीकनने बाजूला व्हायचं.

पायरी ७ : दोघांनी काम वाटून घेणं

रुग्णाने लेखी संमती दिली तरच थेरपिस्ट आणि पास्टर एकमेकांशी बोलू शकतात, आणि काय बोलायचं तेही रुग्णच ठरवतो. अशी संमती असली तर सुंदर काम होतं. श्रद्धेचा मनावर होणारा परिणाम मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी दोन अंगांनी मांडला आहे. देव माझ्या सोबत आहे, मंडळी माझ्या पाठीशी आहे, या भावनेने माणूस सावरतो. देव मला शिक्षा करतो आहे, त्याने मला टाकलं आहे, या भावनेने तो खचतो. तेव्हा थेरपिस्टने पहिल्या एक-दोन भेटींतच विचारावं : तुमची श्रद्धा सध्या तुम्हाला धरून ठेवते आहे की तुमच्यावर ओझं झाली आहे?

एखादी बाई म्हणाली की गर्भपात झाला ती माझ्या पापाची शिक्षा, तर या विचाराने दिवसभर काय होतं, तो कधी उसळतो, त्या वेळी शरीरात काय जाणवतं, हे थेरपिस्ट बघेल. देव अशी शिक्षा करतो का, हा प्रश्न पास्टरचा. थेरपिस्टने धर्मशास्त्र सांगू नये आणि पास्टरने आघाताच्या तपशिलात उतरून जुनी जखम उकरू नये. अशा जखमेवर काम करण्याचं तंत्र असतं. ते माहीत नसताना ‘सगळं सांगून मोकळी हो’ म्हणणं घातक ठरू शकतं. आल्टर कॉलच्या वेळी, म्हणजे उपासनेत लोकांना प्रार्थनेसाठी वेदीपुढे बोलावतात तेव्हा, पुढे येऊन रडणाऱ्या माणसाजवळ मात्र चर्चची माणसं असावीत. तिथल्या हातांची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही. नंतर बाजूच्या खोलीत गटातला एक जण थांबलेला असला, की त्या रडण्याला पुढची वाट मिळते.

हार्लेमच्याच फर्स्ट कोरिंथियन बॅप्टिस्ट चर्चने २०१६ साली ‘होप सेंटर’ सुरू केलं आणि परवानाधारक थेरपिस्टांकडून लोकांना मोफत थेरपी देऊ केली. ज्या चर्चकडे एवढं बळ नाही, त्यांनी वेगळ्या दाराची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ थेरपिस्टला द्यावी. दार वेगळं हवं, कारण क्वायरची (गायनवृंदाची) तालीम चालू असताना तिच्यासमोरून कुणी थेरपीला जाणार नाही.

पायरी ८ : आणीबाणी

१६ जुलै २०२२ पासून ९८८ हा आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीचा राष्ट्रीय नंबर सुरू आहे. फोन किंवा मेसेज, दोन्ही चालतं. ९११ या आणीबाणीच्या नंबरवर फोन केला की शस्त्रधारी पोलीस येण्याची शक्यता असते, आणि कृष्णवर्णीय घरांत ही भीती रास्त आहे. ९११ टाळता येत नसेल तर ‘हा मानसिक आजाराचा प्रसंग आहे, हातात शस्त्र नाही, सीआयटी प्रशिक्षित अधिकारी पाठवा’ असं फोनवरच सांगा. मानसिक संकट हाताळण्याचं हे सीआयटी पोलीस प्रशिक्षण १९८८ साली मेम्फिसमध्ये सुरू झालं. आदल्या वर्षी तिथे एका मनोरुग्ण कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला होता. तुमच्या शहरात असे अधिकारी आहेत का, पोलीस नसलेलं फिरतं पथक आहे का, हे आधीच शोधून कागदावर लिहून ठेवा.

बंदुकीबद्दल विचारायला लाजू नका. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या बंदुकीने होतात. ‘घरात आहे का? थोडे दिवस दुसरीकडे ठेवू या का?’ हा प्रश्न डीकनने विचारला तर बरेचदा चालतो. मुलांच्या बाबतीत तर दुप्पट जागरूक राहा. कृष्णवर्णीय मुलांमधल्या वाढत्या आत्महत्यांवर २०१९ साली अमेरिकी काँग्रेसमधल्या (संसदेतल्या) ब्लॅक कॉकसच्या, म्हणजे कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाच्या, कृतिदलाला स्वतंत्र अहवाल काढावा लागला.

आघात चर्चवरच झाला तर? १७ जून २०१५ला चार्ल्स्टनच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये बुधवारच्या बायबल स्टडीला बसलेल्या नऊ जणांची वर्णद्वेषातून हत्या झाली. मारेकऱ्याला त्यांनीच आत बसवून घेतलं होतं. अशा वेळी मंडळीकडून पहिल्या आठवड्यात क्षमेची अपेक्षा करू नये. क्षमा कुणाला सुचली तर ती त्याची. ज्याला राग आहे त्यालाही त्याच चर्चमध्ये बसायला जागा हवी.

पायरी ९ : पास्टरची काळजी

पास्टर आपल्याच मंडळीतल्या थेरपिस्टकडे जाऊ शकत नाही, म्हणून त्यांच्यासाठी शहराबाहेरचा किंवा ऑनलाइन थेरपिस्ट शोधा, आणि खर्च ट्रस्टी बोर्डाने वार्षिक अंदाजपत्रकात धरावा. त्यांच्या पत्नीचाही विचार करा. फर्स्ट लेडी म्हणून पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाईला अख्ख्या चर्चमध्ये मन मोकळं करायला एकही माणूस नसतो.

पायरी १० : रुग्णालयातून परतल्यावर

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की घरी जेवणाचे डबे येतात, कार्डं येतात, डीकन भेटून जातो. मनोरुग्णालयातून माणूस परतला की कुणीच येत नाही. लोकांना काय बोलावं ते कळत नाही. पण सुटका झाल्यानंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात, आणि पहिल्या सात दिवसांत डॉक्टर किंवा थेरपिस्टची एक भेट होणं फार महत्त्वाचं. रुग्णाची संमती असेल तर सुटकेच्या आधीच ठरवा : त्या भेटीला गाडीने कोण नेईल, औषधं दुकानातून कोण आणेल, पहिले तीन दिवस जेवण कोण पोचवेल, रोज संध्याकाळी फोन कोण करेल. फोनवर आजाराबद्दल बोलायची गरज नाही, सामना बघितला का विचारलं तरी चालतं. चर्चला कधी यायचं हे त्याने ठरवावं. आला की त्याचं जुनं काम त्याला परत द्या. अशर असेल तर त्याचे पांढरे हातमोजे त्याच्या हातात द्या, आणि दोन-चार रविवार त्याच्या दारावर त्याच्यासोबत आणखी एक जण उभा करा.